वॉरनचं पाहुणेपण

आमच्या वाडीत कुणी कुणाला "कसे आहात" म्हणून विचारत नाही. कसे आहात ते दिसतंच. आम्ही विचारतो, "खंय चललास?" म्हणजे कुठे चाललात. ह्या प्रश्नाला उत्तर लागत नाही. "हंयच" म्हणायचं, म्हणजे इथेच, हात हवेत कुठल्या तरी दिशेला उडवायचा आणि चालू लागायचं. विचारणाराही तोवर चार पावलं पुढे गेलेला असतो. जन्मापासून आम्ही हे करत आलोय, आणि ह्यात कुणाला शिकवण्यासारखं काही असेल असं वॉरन येईपर्यंत मला वाटलं नव्हतं.

वॉरन अमेरिकेतल्या ओहायोचा. उभी हयात त्याने तिथे शाळेची बस चालवली. बायको गेली, मुलगी लग्न करून लांब गेली, आणि पेन्शनीत समुद्राकाठी राहायचं म्हटलं तर तिकडचा समुद्र परवडेना. म्हणून हा गोव्यात आला. गोव्यात बघतो तर सगळे गोरेच. ते बघायला एवढ्या लांब कशाला यायचं, असा विचार करून तो शिरोडा, वेंगुर्ले, मालवण असा किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत आमच्या गावात येऊन थांबला. माझ्या शेजारचं घर मुंबईकरांचं, अकरा महिने कुलपात. ते त्याने भाड्याने घेतलं. धिप्पाड देह, उन्हाने शिजलेली कातडी, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि डोक्यावर बसवाल्याची जुनी टोपी. व्हिसाचं शेपूट कायम मागे. दर काही महिन्यांनी देशाबाहेर जाऊन शिक्का मारून यायचा, आणि गावाला वाटायचं साहेब मजा मारायला जातात.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेला. तेव्हा ह्या माणसाचा दुभाष्या, वकील आणि तक्रारपेटी ही तिन्ही पदं मला कुणी न विचारता मिळाली. पगार नाही, रजा नाही.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो माझ्या पडवीत येऊन बसला. चेहरा उतरलेला. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत आणतोय.

"मास्तर, पोलिसांना माझा काही संशय आहे का?"

"का रे बाबा?"

"घरातून निघालो की जो तो विचारतो, कुठे चाललास. दुकानदार विचारतो. मासेवाली विचारते. आज तर एक माणूस माडावरून ओरडून विचारत होता."

मी म्हटलं, अरे, हा आमचा रामराम. वाटेल ते उत्तर दे. इथेच चुकलं माझं. वॉरनने ठरवलं की विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देणं हा सभ्यपणा. दुसऱ्या दिवशी माडावरच्या बाबल्याने वरून विचारलं, "खंय चललास साहेब?" वॉरन थांबला. टोपी काढली. मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागला: आधी समुद्रावर, मग मिळाली तर कोलंबी, मग घरी येऊन कपडे धुणार, काल पोट बिघडलं होतं, आज बरं आहे, पण जेवण हलकंच घेणार. बाबल्या बिचारा माडाला मिठी मारून अख्खा कार्यक्रम ऐकत होता. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "साहेबानू, मी उतरू काय आता?"

महिन्याभरात लोक त्याच्या गेटसमोरून जायचं टाळून शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, जायला लागले. वॉरन मला म्हणाला, गाव किती शांत आहे!

मग पाटीचं प्रकरण. लोक न सांगता घरात शिरतात ह्याची त्याला धास्ती. तो आंघोळ करून टॉवेलवर बाहेर येतो तर पडवीत कुणीतरी सुपारी कातरत बसलेलं. म्हणून गेटवर पाटी लावली: "कृपया येण्यापूर्वी फोन करावा." अक्षर माझंच, दुसरं कोण लिहिणार! पाटीचा मान सगळ्यात आधी राखला तो पलीकडच्या सुमनकाकीने. काकी सत्तरीची, घरात एकटी, झील, म्हणजे मुलगा, मुंबईला. आवाज असा की तिला फोनची गरज कधी पडलीच नव्हती. ती गेटवर येऊन उभी राहिली, वॉरन समोर खिडकीत उभा, आणि काकीने फोन लावला.

"हॅलो, मी सुमन बोलतंय. मी तुमच्या गेटीर उभी आसंय. येव काय?"

वॉरनने खिडकीतून तिच्याकडे बघत फोनवर सांगितलं, "या."

"मगे ठेवतंय हां," म्हणाली आणि आत आली.

त्या दिवशी तिच्या हातात स्टीलचा डबा होता. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं. वॉरनने ते मिटक्या मारत खाल्लं, डबा साबणाने घासला, कोरडा पुसला आणि अर्ध्या तासात काकीच्या दारात जाऊन परत केला. वर दोनदा "थँक्यू" म्हणाला. ओहायोत ह्याला संस्कार म्हणत असतील. काकी तोच डबा घेऊन तरातरा माझ्याकडे आली.

"मास्तर, बघा! रिकामो! माझो डबो माका रिकामो परत दिल्यान! वर थँक्यू म्हणता. माका थँक्यू म्हणूक मी काय बँकेत बसलंय? म्हणजे काय, तुझा-माझा फिटला? संपला?"

मी वॉरनला समजावलं. शेजारचं भांडं रिकामं जात नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घाल, दोन मिरच्या घाल.

"पण मग तिला परत काहीतरी पाठवावं लागेल."

"अर्थात."

"मग हे संपणार कधी?"

"संपवायचंय कशाला तुला?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "आमच्याकडे शिडी मागून आणली तर संध्याकाळच्या आत परत करतात. ज्याचं आपल्याकडे काही राहिलेलं नाही तो चांगला शेजारी." मी म्हटलं, आमच्याकडे ज्याचं काही राहिलेलं नाही तो मेलेला तरी असतो, नाहीतर कोर्टात गेलेला.

पटलं त्याला. पठ्ठ्याने कुकरमध्ये केळ्याचा केक केला आणि डब्यातून धाडला. नेमका सोमवार. केकात अंडी. काकीचा उपास. काकीने तो केक देवघराला पाठ करून माझ्या घरी आणला. "देवान बघूक नाय अजून. तुमी खावन टाका बेगीन." मी खाल्ला. बरा होता. दुसऱ्या दिवशी डब्यातून वॉरनकडे घावणे गेले, आणि त्यानंतर तो डबा कुणाच्याही फडताळात फार दिवस टेकला नाही.

डबा फिरायला लागला, मराठी सुधारली, मालवणी कानावर बसली, भरती-ओहोटी कळायला लागली. पण वॉरनचं पाहुणेपण काही सुटेना. आम्ही कोकणी माणसं एरवी शेजाऱ्याच्या बांधावरचा दगड हातभर सरकवू, पण पाहुण्याच्या बाबतीत फार कडक. गणपतीत तो आरतीला गेला की हातांची खुर्ची त्याच्यासाठी बाहेर यायची आणि गावातला एकुलता एक चालू फॅन त्याच्याकडे वळायचा. बाकी गाव घामाने निथळत खाली सतरंजीवर. प्रत्येक कार्यक्रमात शाल आणि नारळ. शालींचा ढीग झाला. ओहायोच्या थंडीत त्यांचा काही उपयोग तरी झाला असता. आमच्या उकाड्यात तो त्या खिडक्यांना लावायचा.

एकदा देवळातल्या गावजेवणात त्याने वाढायला म्हणून भाताची बादली उचलली. तातू गावकर, म्हणजे आमच्या देवळाचे मानकरी, धावत आले आणि बादली त्याच्या हातातून काढून घेतली. "साहेब, तुमी बसा. पावण्यान काम करुचा नसता." काकीचंही तेच. त्याने तिची पाण्याची कळशी धरली की ती हिसकावून घ्यायची. "पावण्यान काम करुचा नसता."

त्या जेवणानंतर तो पडवीत येऊन बसला.

"मास्तर, हे पाहुणेपण संपतं कधी?"

मी तेव्हा घामाने वैतागलेलो होतो. फॅन त्याच्याकडे होता ना! मी म्हटलं, "ज्या दिवशी तुला कुणी 'मेल्या' म्हणेल त्या दिवशी संपलं समज."

"म्हणजे काय?"

"मेलेला."

"शिवी आहे?"

"शिवीच. पण ती परक्याला देत नाहीत. पोराला देतात, भावाला देतात, जिवाभावाच्या माणसाला देतात."

मी चेष्टेत बोललो आणि विसरलो. हा विसरेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी गेला काकीकडे आणि हात जोडून म्हणाला, "काकी, मला मेल्या म्हणा." काकीने कानांवर हात ठेवले. "शी शी शी! पावण्याक असा बोलतत काय? तुमी बसा बघू. च्या हाडतंय."

मला हसू आवरेना. पण तो हसत नव्हता. म्हणाला, "मास्तर, माझं घर मी विकलं. मुलीकडे गेलो की ती पाहुण्यांची खोली उघडते, धुतलेली चादर घालते, आणि कधी निघणार म्हणून गोड आवाजात विचारते. इथे तुम्ही खुर्ची देता. मी आता सगळ्या जगात पाहुणाच आहे." मला एकदम वाईट वाटलं. माणूस सत्तरीला आलेला, आणि कुणाच्या तरी तोंडून एक शिवी मिळावी म्हणून झुरतोय. पण मी तरी काय करणार! मी स्वतः त्याला मेल्या म्हणालो असतो, पण सांगून दिलेली शिवी लागू पडत नाही. ती मनातूनच यावी लागते.

मग आमच्या गावची गावपळण आली.

गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्याकडच्या काही गावांत दर थोड्या वर्षांनी देवाचा कौल घेतात, आणि कौल झाला की अख्खं गाव तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. घरांना कुलपं. गावात चूल पेटत नाही, कोंबडा आरवत नाही. का, असं विचारू नये. वाडवडील जात आले, आम्ही जातो. खाडीपलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या घालायच्या आणि परतीचा कौल मिळेपर्यंत तिथे राहायचं.

कौल झाला. वॉरनला मी सगळं सांगितलं. त्याचे डोळे लकाकले. तेवढ्यात तातू गावकर हसत हसत आले.

"साहेब, तुमची सोय केलंय. मालवणात एसी खोली. रिक्षा सकाळीच येतली."

वॉरनने माझ्याकडे बघितलं. "मास्तर, कुत्री कुठे जाणार?"

"माळावर."

"कोंबड्या?"

"माळावर."

"आणि मी हॉटेलात."

तातूंना त्यातलं काही कळलं नाही. ते खूश. मी सांगून बघितलं, अरे, तुझ्या सोयीसाठीच. त्याने नुसती मान हलवली आणि घरात गेला.

सकाळी गाव निघालं. डोक्यावर गाठोडी, हातात दावी, कडेवर पोरं, टोपलीखाली कोंबड्या. रिक्षा वॉरनच्या गेटवर आली आणि रिकामीच परत गेली. आम्ही माळावर पोचतो तर काय, साहेब आधीच हजर. निळा तंबू ठोकलेला, छोटा स्टोव्ह, घडीच्या दोन खुर्च्या, पाण्याचे कॅन. बसवाल्याची सवय, कुठेही अर्धा तास आधी. तातूंचा जीव खालीवर झाला. पण आता माळावर त्यांची सत्ता चालेना. जागा कुणाच्याच बापाची नव्हती.

आणि मग जी गंमत झाली ती मी जन्मात विसरणार नाही. घराबाहेर राहायचं म्हणजे काय, हे त्या सगळ्या माळावर एकट्या वॉरनला ठाऊक होतं. बाकी आम्ही सगळे पहिल्या दुपारीच परदेशी. कुणाला आपलं मीठ सापडेना. कुणाला आपल्या उंबऱ्याशिवाय झोप येईना. पोटं बिघडली. ज्यांनी साहेबाच्या पोटाची कहाणी टाळायला मेरेवरची वाट धरली होती, ते आता एकमेकांना आपापली पोटं सविस्तर सांगत होते. मीसुद्धा "माझी खुर्ची कुठे, माझा चष्मा कुठे" करत फिरत होतो.

सगळ्यात हाल काकीचे. झील मुंबईहून आला नव्हता. पुतण्याने घाईत घातलेली तिची झोपडी दुपारच्या वाऱ्याने एका अंगावर बसली. चुलीचे दगड डुगडुगत होते. वॉरनने तिला हाताला धरून आपल्या तंबूपुढच्या खुर्चीत बसवलं. मी दुसऱ्या खुर्चीत. त्याने चहा केला. काकीने आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचा चहा बसल्या जागी घेतला असेल. कप रिकामा झाल्याबरोबर ती विसळायला उठली. वॉरनने कप काढून घेतला.

"बसा, काकी."

तिने कांदे ओढले. त्याने कांदे उचलून पलीकडे ठेवले आणि स्वतः कापायला बसला. कापत होता जाडेभरडे. काकीचा जीव वरखाली.

"अवो, माका काय तरी काम देवा!"

वॉरनने मान वर केली आणि अगदी तातूंच्या आवाजात, स्वच्छ मालवणीत म्हणाला, "पावण्यान काम करुचा नसता."

काकी खुर्चीत ताठ झाली. तिचा चेहरा बघून मी थोडा मागे सरकलो.

"पावणी? कोण पावणी? माझ्या गावच्या माळार माका पावणी म्हणतंस? मेल्या, ऊठ थंयसून! कांदे असे कापतत? घोड्याक घालतलंस काय?" तिने सुरी त्याच्या हातातून ओढून घेतली. तो तसाच उकिडवा बसून राहिला, तोंड उघडं. "आणि बघतंस काय असो? पाणी हाड, मेल्या! डोळे फोडून बसलो हा नुसतो!"

वॉरन उठला. कळशी घेतली. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मास्तर, ऐकलंत?"

"ऐकलं रे."

"दोनदा म्हणाली."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले, कांदे होते म्हणून निभावलं. काकीला काय झालं त्याचा पत्ताही नव्हता. ती कांदा बारीक चिरत पुटपुटत होती की ह्या दगडांवर रांदप, म्हणजे स्वयंपाक, कसा होवचा. त्या तीन दिवसांत वॉरनने पाणी आणलं, तिची झोपडी उभी केली, कोंबड्यांमागे धावला, आणि शिव्या इतक्या खाल्ल्या की बाबल्याला त्याची कीव आली.

परतीचा कौल झाला, गाव घरी आलं. वाटलं होतं, घर आलं की खुर्ची पण परत येईल. काही ठिकाणी आलीच. पण काकीचं अहोजाहो माळावरच राहिलं. पुढच्या गावजेवणात तातूंनी स्वतःहून भाताची बादली वॉरनच्या हातात दिली. त्याने प्रत्येकाच्या पानात भाताचा डोंगर रचला आणि शेवटच्या पंगतीला भात उरला नाही. तातू सगळ्या देवळासमोर त्याच्यावर ओरडले. त्या रात्री त्याच्याएवढा सुखी माणूस गावात नव्हता.

गेटवरची पाटी त्याने कधी काढली ते मला कळलंही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याला दम लागायला लागला. मालवणच्या डॉक्टरने हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं. मुलीने तिकडे ऑपरेशन ठरवलं. मला त्याने सगळं सांगितलं. ऑपरेशन मोठं आहे, वय झालंय, आणि पाहुण्यांची खोली आता कायमची त्याच्या नावाने लावलीय. "काकीला सांगू नका," म्हणाला. मी सांगितलं नाही. पण काकीला डोळे आहेत.

निघायच्या दिवशी गाडी गेटशी उभी. दोन मोठ्या बॅगा डिकीत. वॉरन टोपी घालून बाहेर आला. कधी नव्हे ती लांब पँट. काकी कुंपणाशी उभी होती, पदराखाली डबा. बॅगा तिने बघितल्या. घराचं कुलूप बघितलं.

"खंय चललंस रे?"

हा तोच माणूस, ज्याने बाबल्याला माडावर टांगून अख्खा दिवस ऐकवला होता. आता विमानतळ, मुलगी, झडप, डॉक्टर, सगळं येणार.

वॉरनने हात हवेत कुठल्या तरी दिशेला उडवला.

"हंयच, काकी. जावन येतंय."

"बरा," काकी म्हणाली. डबा पुढे केला. "खाजा घातलंय. वाटेत खा. आणि डबो रिकामो हाडू नको, मेल्या."

त्याने डबा घेतला, छातीशी धरला. थँक्यू म्हणाला नाही. गाडीत बसला, काच खाली केली, आमच्याकडे बघितलं आणि गाडी वळणावर गेली.

काकी कुंपणाशी तशीच उभी. धूळ खाली बसली तरी उभी. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"मास्तर, अमेरिका खूप लांब आसा काय ओ?"

मी म्हटलं, "नाय गो काकी. हंयच."